गाडीच्या किमतीचा वाद आणि आपला खरेपणा

नवी मोटारगाडी घेताना विक्रेत्याशी किमतीवरून वाद घालणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय, असे मंडळीतील काही जण विचारतात. चार हजारांसाठी काय भांडावे, सोसून घ्यावे, त्यातच नम्रता आहे, असे त्यांस वाटते. आम्हांस हे मत पटत नाही. अयोग्य मागणी आपण मुकाट्याने पुरी केली, तर तीच मागणी उद्या आपल्याहून भोळ्या गिऱ्हाइकाकडे होते. निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यातली पहिली गाडी घेणारा एखादा शिक्षक ती भरतो.

पण वाद कशाचा, हे आधी समजले पाहिजे. शोरूममध्ये मिळणाऱ्या कागदावर मूळ किमतीखाली आठदहा रकमा लिहिलेल्या असतात. त्यांतील काही सरकारी आहेत. नोंदणीचा कर विक्रेत्याच्या खिशात जात नाही. दहा लाखांवरील गाडीवर १ जून २०१६ पासून १ टक्का रक्कम आयकरापोटी घेतात. ती आपल्याच नावावर जमा होते व विवरणपत्र भरताना वजा करून मिळते. नव्या मोटारीस तृतीय पक्षाचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा लागतो. या रकमांवरून विक्रेत्यास लुटारू म्हणणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

काही रकमांविषयी मात्र जरूर विचारावे. विमा कोणाकडून घ्यावा हे ठरविणे आपल्या हाती आहे. ‘हँडलिंग’च्या नावाने काही हजार लिहिलेले असतील, तर ते कोणत्या कामाचे? गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च शोरूमच्या किमतीत धरलेलाच असतो. चटया, सीटची आवरणे, रंगावरचा लेप यांचे ‘पॅकेज’ नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. हे सर्व बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी दिलेली सूट गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी कोणास आठवत नाही. बिलाची तारीखही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. बुकिंग आधीचे असले तरी बिल व गाडी त्या दिवसानंतर मिळाली असेल, तर दर नवा लागतो. अशा वेळी फरक मागणे हा हट्ट नव्हे.

साराच्या कबरेसाठी अब्राहामाने मकपेलाची गुहा व शेत विकत घेतले, तो व्यवहार शब्बाथशाळेत आपण शिकवतो. एफ्रोन प्रथम ‘फुकट घ्या’ म्हणतो, आणि बोलता बोलता ४०० शेकेलांचा आकडा सांगून टाकतो. (आजच्या शोरूममधली ‘मोफत’ भेटवस्तू आम्हांस याच जातीची वाटते.) अब्राहाम वेशीत, सर्वांच्या समक्ष, व्यापाऱ्यांत चालणारे रुपे तोलून देतो. त्याने घासाघीस केली नाही, म्हणून आपणही करू नये, असा अर्थ काही जण काढतात. आम्हांस त्या व्यवहाराचा उघडेपणा अधिक महत्त्वाचा वाटतो: रक्कम कळली, वजन कळले, साक्षीदार होते.

आता दुसरी बाजू. नीतिसूत्रांच्या २०व्या अध्यायात एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे: तो मालास नावे ठेवतो व घरी जाताना सौद्याची फुशारकी मारतो. शोरूममध्ये तो अजून भेटतो. दुसऱ्या दुकानाने न दिलेला भाव ‘तिकडे मिळतो’ म्हणून सांगणे, पैसे तयार असून नाहीत म्हणणे, हे ‘धंद्यात चालतेच’ म्हणून सोडून देतात. सीमाभागात याहून मोठे खोटे चालते. कर्नाटकात मोटारीचा कर जास्त. म्हणून राहणे बेळगावात, नोकरी बेळगावात, आणि गाडीची नोंदणी चंदगडच्या किंवा गोव्याच्या नातलगाच्या पत्त्यावर! परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नोंदणी बदलून घ्यावी, असे मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. हँडलिंगच्या पाच हजारांवरून आवाज चढविणारा मनुष्य त्याच टेबलावर खोट्या पत्त्याच्या कागदावर सही करतो, तेव्हा समोरच्या तरुण विक्रेत्याने आपल्या ख्रिस्तीपणाविषयी काय समजावे?

त्या तरुणाचाही विचार व्हावा. किंमत त्याने ठरविलेली नसते आणि सूट देण्याचा अधिकारही बहुधा वरच्याकडे असतो. महिन्याअखेर ठरलेल्या गाड्या विकल्या गेल्या नाहीत तर त्याला बोलणी बसतात. त्याच्यावर ओरडून एक पैसाही कमी होत नाही, व्यवस्थापकाशी बोलावे.

तेथेही न्याय न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाही. तक्रारीपूर्वी विक्रेत्यास एक पत्र लिहून त्याची पोच घ्यावी. कोटेशन, पावत्या व बिल एकाच पाकिटात जपून ठेवावे.