तोतया नसलेले तोतये

बहुतेक मराठी वाचकांना 'तोतया' हा शब्द पानिपतच्या इतिहासात भेटतो. रणांगणावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगत एक इसम पुढे आला, त्याच्यामागे माणसं जमली आणि १७७६मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. जो आपण नव्हतो तो आहोत, असं तो सांगत होता. याच्या नेमकी उलट अवस्था चांगल्या लेखकांची, चित्रकारांची, संगीतकारांची होते. काम त्यांचं, मेहनत त्यांची, कौतुकही त्यांचंच. तरी आपण तोतया आहोत आणि एक दिवस पकडले जाणार, ही धास्ती काही जात नाही.

१९३८च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात जॉन स्टाइनबेक ही धास्ती वहीत उतरवत होता. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'चं लेखन चालू होतं. कादंबरीला हात घालण्याआधी तो रोजनिशी लिही आणि आपण लेखक नाहीच, स्वतःला आणि लोकांना फसवत आलो आहोत, अशा अर्थाची कबुली तीत देई. त्याचं 'ऑफ माइस अँड मेन' आदल्याच वर्षी गाजलं होतं. नवी कादंबरी १९३९मध्ये आली, १९४०मध्ये तिला पुलित्झर मिळालं. १९६२मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर पत्रकारांनी विचारलं, तुम्ही याला पात्र आहात असं वाटतं का? त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. सन्मानांनी ही शंका फिटत असती, तर ती इथे फिटायला हवी होती.

या भावनेला नाव मिळालं १९७८मध्ये. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामावर एक निबंध लिहिला. त्यातल्या काही विद्यार्थिनींना वाटे, प्रवेश समितीच्या चुकीमुळेच आपण आत आलो. लेखिकांनी घराकडेही पाहिलं. काही घरांत एका भावंडावर 'हुशार' असा शिक्का बसलेला असतो आणि दुसरी मुलगी 'मनमिळाऊ' ठरते. मग तिनं कितीही गुण मिळवले तरी घरचं मत हलत नाही. काही घरांत उलट घडतं. मुलगी सगळ्यातच अव्वल मानली जाते आणि कष्ट करावे लागले की आपण मुळात हुशार नव्हतोच, असं तिला वाटू लागतं. ही दोन्ही घरं आपल्या ओळखीची आहेत.

दोघींनी याला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हटलं होतं; इम्पोस्टर म्हणजे तोतया. पुरुषांनाही ते जाणवतं, हे पुढे दिसलं. क्लान्सनं वीस विधानांची एक मोजपट्टीही तयार केली. पण लोकांच्या तोंडी बसलं ते 'सिंड्रोम', आणि त्या एका शब्दानं अनुभवाचा आजार केला. मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत हा आजार नाही. आपल्याला पुन्हा नाव ठेवायचं झालं तर 'इम्पोस्टर अनुभव' असं ठेवू, असं पुढे क्लान्सनंच सांगितलं.

आजार म्हटला की दोष रोग्यातच शोधला जातो. २०२१मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी यांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं. मूळ अभ्यासातल्या स्त्रिया मुख्यतः गोऱ्या, मध्यम किंवा वरच्या वर्गातल्या होत्या. ज्यांना वर्णामुळे कार्यालयात रोज परकं ठरवलं जातं, त्यांना तुमचा आत्मविश्वास कमी आहे असं सांगण्यात काय हशील? हा आक्षेप मोलाचा आहे. मात्र त्यानं सगळं उलगडत नाही. स्टाइनबेकला कोणी दारात अडवलं नव्हतं. बांधलेला पूल उभा राहतो आणि अभियंत्याला उत्तर मिळतं. लेखकाला मागचं पुस्तक पुढच्या कोऱ्या पानाची हमी देत नाही. त्याची शंका पुष्कळदा या कामातूनच उगवते. स्टाइनबेकनंही ती संपण्याची वाट पाहिली नाही. वहीत ती नोंदवून तो त्या दिवसाच्या पानांकडे वळे, आणि सुमारे पाच महिन्यांत ती प्रचंड कादंबरी पूर्ण झाली.

क्लान्स-आइम्स यांचा एक उपाय फारसा कोणी सांगत नाही, पण तोच सर्वांत कसदार वाटतो. आपण ज्यांना फसवलं असं वाटतं, त्यांना कल्पनेत समोर आणायचं, कसं फसवलं ते मोठ्यानं सांगायचं आणि ते काय उत्तर देतील तेही आपणच बोलायचं. शिवाय हे गुपित एकटीनं न सांभाळता अशाच इतर स्त्रियांच्या गटात उघड करायचं, असा त्यांचा आग्रह होता.

त्याच १९७८ साली मराठीत दया पवारांचं 'बलुतं' प्रसिद्ध झालं. पवारांना हे मानसशास्त्रीय नाव चिकटवणं अन्यायाचं होईल. तिथे अपात्रतेचा शिक्का माणसाच्या मनानं नव्हे, जातिव्यवस्थेनं जन्मतःच मारलेला होता. पण पुस्तकाची मांडणी पाहावी. एका बाजूला शिकलेला, 'कोंडवाडा'चा कवी म्हणून नाव झालेला दया पवार. दुसऱ्या बाजूला दगडू मारुती पवार. दोघंही एकच. पांढरपेशा जगात वावरणाऱ्या दयाला दगडू झाकून ठेवता आला असता. 'बलुतं'त तो त्याला समोर बसवतो आणि बोलू देतो. महारवाडा असो की मुंबईतला कावाखाना, सांगतो तो दगडूच; दया ऐकत राहतो.