बदला, गवाही आणि कबर

अपघात कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात कलमांनी सुटतो. माणसाच्या मनात तो इतक्या सहज सुटत नाही. ओरिओल पाउलो या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या ‘काँट्रातिएम्पो’ (२०१६) या गाजलेल्या रहस्यपटाचा गाभा हाच प्रश्न आहे. आपल्या वाचकांना हा चित्रपट ठाऊक असेल तो सुजॉय घोष यांच्या ‘बदला’ (२०१९) या हिंदी रूपामुळे. अमिताभ बच्चन आणि तापसी पन्नू यांचा हा चित्रपट लोक शेवटच्या धक्क्यासाठी लक्षात ठेवतात. मला मात्र त्यातला धक्का नव्हे, त्यामागचा नैतिक पेच महत्त्वाचा वाटतो. तो मांडायचा तर कथा सांगून टाकावीच लागेल.

एक श्रीमंत, विवाहित उद्योजक आपल्या प्रेयसीसोबत आडरस्त्याने परतत असतो. समोरून येणाऱ्या गाडीला अपघात होतो आणि तिचा तरुण चालक निपचित पडतो. पोलिसांना बोलावले तर चोरटे संबंध उघड होतील, प्रतिष्ठा जाईल. म्हणून गाडी तरुणासकट तळ्यात लोटली जाते. पुढे कळते की त्या वेळी तो जिवंत होता. तो बँकेत नोकरीला असतो. त्याच्या नावावर पैशांच्या अफरातफरीचा आळ घालून तो पळून गेल्याचे भासवले जाते.

इथे तीन गुन्हे घडतात आणि ते एकापेक्षा एक भारी आहेत. पहिल्याने त्या तरुणाचा जीव घेतला. दुसऱ्याने त्याची मय्यत आईबापांपासून चोरली. तिसऱ्याने त्याची अब्रू घेतली. अपघात होणे कुणाच्या हातात नव्हते. त्यानंतरची काही मिनिटे मात्र पूर्णपणे त्या दोघांच्या हातात होती. माणसाची परीक्षा त्याच मिनिटांत होते आणि हिशेबही त्यांचाच मागितला जाईल.

मय्यत मिळणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. ज्यांच्या घरातला माणूस परत आला नाही, त्यांना विचारा. गुस्ल नाही, कफन नाही, जनाज्याची नमाज नाही, मूठभर माती देता येत नाही. रडायचे की वाट पाहायची, हेच ठरत नाही. चित्रपटातले आईबाप मुलाच्या मारेकऱ्याला फासावर पाहण्यापेक्षा आपला मुलगा नेमका कुठे आहे, हे आधी विचारतात. म्हणून ‘बदला’ हे हिंदी नाव मला अपुरे वाटते. २०१८ साली निघालेल्या इटालियन रूपाच्या नावाचा अर्थ ‘अदृश्य साक्षीदार’ असा होतो. ते नाव कथेच्या अधिक जवळ जाते. या आईबापांना बदला हवा आहेच, पण त्याआधी त्यांना गवाही हवी आहे.

खरा पेच यापुढे आहे. पोलीस ऐकत नाहीत, पैसा सगळे दरवाजे बंद करतो. तेव्हा ती आई वकिलाचे सोंग घेते आणि आरोपीच्याच तोंडून सत्य काढते. (हिंदीत हे सोंग वडील घेतात.) सत्यासाठी असत्य चालते का? प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळे होतात. आपण तसे होऊ नये. आज एका दुःखी आईला फसवणूक माफ केली, तर उद्या प्रत्येक दुखावलेला माणूस स्वतःच न्यायाधीश होईल. आपल्या समाजाने अफवेवर न्याय करणाऱ्या जमावांची झळ सोसली आहे. आपल्याला हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. तरीही त्या आईला दोषी म्हणताना जीभ अडखळते. माझे उत्तर असे आहे: सोंग योग्य ठरत नाही, पण त्याचा दोष एकट्या आईच्या माथी मारता येत नाही. ज्यांनी खरे बोलायचे होते आणि जे गप्प राहिले, त्यांनी तिला तिथवर ढकलले.

हा प्रश्न स्पेनपुरता नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. या रस्त्यांवर धडक देऊन पळणारी वाहने खान्देशाला नवी नाहीत. मे २०२४ मध्ये जळगावजवळ रामदेववाडी येथे भरधाव मोटारीच्या धडकेत एक आई आणि तीन मुले गेली. त्याच महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते मेले. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि गुन्हा वाहनचालकाच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप ठेवला गेला. तळे असो वा प्रयोगशाळा, लपवण्याची वृत्ती एकच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आणले. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. थांबलो तर जमाव मारेल, ही चालकांची भीतीही खोटी नव्हती. म्हणजे चालकाने पळू नये असे वाटत असेल, तर रस्त्यावरच्या जमावानेही हात आवरायला हवा.

कुरआनाने सूरह निसामध्ये न्यायाची गवाही स्वतःविरुद्ध आणि आईबापांविरुद्ध गेली तरी देण्याचे बंधन घातले आहे. आपण ही आयत व्याख्यानांत ऐकतो. पोलीस ठाण्यात जबाब द्यायची वेळ आली की ‘कशाला लफड्यात पडायचे’ म्हणून घरी जातो. गाडीचा नंबर पाहिलेला असतो, पण तो सांगितला जात नाही. शेजाऱ्याच्या मुलाने धडक दिलेली ठाऊक असते, पण बिरादरीची अब्रू आडवी येते. मग कुठल्या तरी घरात एक आई वाट पाहत राहते. तिला वकिलाचा अंगरखा घालावा लागू नये, एवढी जबाबदारी तर आपल्यापैकी प्रत्येक पाहणाऱ्यावर आहे.