बालरोगनिदान आणि अनुमानाची उपाधी

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या चेता यांतील तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण नष्ट करते. बहुधा विशी ते चाळिशीत प्रकटणारा हा विकार दहा-अकरा वर्षांखालील मुलांत फारच विरळ आढळतो, आणि म्हणूनच तिथे त्याचे निदान हा वैद्यकाइतकाच ज्ञानमीमांसेचा, म्हणजे कोणते ज्ञान प्रमाण मानावे याचा प्रश्न ठरतो.

शब्दप्रमाण, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यातून मिळणारे ज्ञान, इथे जवळजवळ नसतेच. एका डोळ्याने अंधूक दिसू लागले तरी चार वर्षांचे मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवतो. तपासताना चांगला डोळा झाकला की मात्र ते झाकणारा हात ढकलून देते. उरते ते अनुमान. एमआरआयवर दिसणारे डाग मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळी उद्भवलेले असावेत, अशी या विकाराच्या निदानासाठीच्या मॅकडोनल्ड निकषांची मूळ अपेक्षा होती. पण अकरा वर्षांखालील मुलांबाबत हे निकष जपून वापरावेत, असे 2017 च्या सुधारणेतच बजावलेले आहे.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कज्ञ, नियमाला लागणाऱ्या अशा अटीला उपाधी म्हणतील. जिथे अग्नी तिथे धूर ही व्याप्ती, म्हणजे नित्य साहचर्याचा नियम, सरपण ओले असले तरच खरी ठरते. डागांवरून मल्टिपल स्क्लेरोसिस ओळखण्याचा नियमही तसाच वयाच्या अटीने बांधलेला आहे. लहान मुलांत असेच डाग ‘एडेम’ या, बहुधा संसर्गानंतर एकदाच उद्भवणाऱ्या आणि मुलाला गुंगीत लोटणाऱ्या मेंदूदाहातही उमटतात. कित्येकदा रक्तात मायलिनमधील ‘मॉग’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात आणि विकार वेगळाच निघतो. स्टेरॉइडने या सर्वांतच उतार पडू शकत असल्याने चरकसंहितेतील उपशयाचा, म्हणजे उपचाराच्या परिणामावरून रोग ताडण्याचा, मार्गही फारसा उपयोगी पडत नाही.

घाईने नाव देणे निरुपद्रवी नाही: सारखाच भासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉन-बीटाने उलट बळावू शकतो. न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशयाला स्वतंत्र स्थान दिले ते योग्यच, परंतु निर्णयाकडे नेणारी पायरी म्हणून. प्रतिपिंडांच्या चाचण्या नकारार्थी असताना, मूल वरवर खेळते-बागडते असूनही, काही महिन्यांनी काढलेल्या एमआरआयवर नवे डाग दिसले आणि अन्य कारण सापडत नसले, तर त्यानंतरही पुढच्या झटक्याची वाट पाहणारा वैद्य संशयालाच प्रमाणाच्या जागी बसवत असतो.