यजमानाची पंगत

बसायच्या जागेवरून भावाभावांत तंटा व्हावा आणि एकाने शेजारीच दुसरे घर बांधावे, असे गावात पुष्कळदा होते. मुंबईत त्यापायी एक अख्खे स्टेडियम उभे राहिले.

चर्चगेटजवळचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चे. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची; कसोटी सामन्यांचा भार मात्र मुंबईच्या क्रिकेट संघटनेवर. मैदानामैदानांवर क्रिकेट जगवणाऱ्या लहान क्लबांसाठी संघटना अधिक तिकिटे मागे, आणि मालक देईनात. मालकांचे अध्यक्ष विजय मर्चंट, संघटनेचे शेषराव वानखेडे. दोघांचे जुळले नाही. अखेर वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर, रेल्वेच्या रुळांलगत, नवे स्टेडियमच बांधायला काढले. शशी प्रभूंनी आराखडा केला, आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तेथे झालीसुद्धा. ब्रेबॉर्नला पुढच्या कसोटीसाठी २००९ साल उजाडावे लागले.

एक असताना दुसरे कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्याने स्वयंपाकाला हात लावला त्याने पानासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळावे, हे अपमानाचेच. मात्र त्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले तेव्हा एक तरुण अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवले आणि प्रेक्षक खवळले. नव्या घराची वास्तुशांत ही अशी झाली!

पण माझ्या मनात घोळतो तो प्रश्न पुढचाच आहे. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना याच वानखेडे स्टेडियमवर झाला. जागा सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांना विक्रीसाठी जेमतेम चार हजार. उरलेल्यांतला मोठा वाटा संघटनेच्या क्लबांचा, म्हणजे ज्यांच्यासाठी पूर्वी भांडण झाले त्यांचाच. वसईत होळीला राहणाऱ्या माझ्यासारख्याला चर्चगेटची गाडी आहे. क्लबात ओळखीचा माणूस नाही.

क्लबांचा हक्क खोटा आहे काय? मुळीच नाही. उन्हातान्हात खेळपट्टीवर रोलर फिरवणारे तेच. परंतु आपल्याकडे लग्नघरी राबणारा यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. आधी पान वाढतो ते पाहुण्याला, मग तो पाहुणा कितीही लांबचा असो. ‘आम्ही राबलो’ हे ब्रेबॉर्नच्या दारात बरोबर उत्तर होते; स्वतःच्या दारात उभे राहिल्यावर तेच उत्तर पुरेसे राहते, असे मला वाटत नाही. आपण सोसलेला अन्याय आपल्याला हक्क देतो, हे खरे. तो हक्क कोणाच्या पानावरून उचलायचा, हे मात्र त्यातून ठरत नाही.

इकडे वसई-विरारमध्ये शेते जाऊन इमारती उठत आहेत. उद्या कोणी मोठे क्रीडांगण बांधू म्हणेल, आणि बांधावेही. त्याचा आराखडा पाहायला मिळाला तर खेळपट्टीकडे मी नंतर वळेन. आधी विचारीन, ज्याची कोणाशीच ओळख नाही त्याच्यासाठी बाके किती राखलीत, आणि तो आकडा कागदावर कोण लिहून देणार?