कोंडलेल्या जिवाचं पाणी

मुंबईचा किनारा नागपूरपासून रेल्वेने 800 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे या शहरात कोणाला खाऱ्या पाण्यातले मासे घरी ठेवायचे असतील, तर समुद्रही त्यालाच तयार करावा लागतो. आरओचं पाणी, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, 25-26 अंशांच्या आसपास तापमान आणि हे सगळं अष्टौप्रहर टिकवून धरणारी यंत्रं. या यंत्रांत सर्वांत जास्त चर्चा प्रोटीन स्किमरची होते. कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, स्वस्तातला चालेल की महागातला? प्रश्न तांत्रिक वाटतात आणि तांत्रिक उत्तरांवरच थांबतात. पण त्यांच्याआधी एक प्रश्न उभा आहे, तो धर्माचा: ज्या जिवाला आपण कोंडलं, त्याचं आपण काय देणं लागतो? स्किमर निवडणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर देतच असतो. फक्त बहुतेकदा ते त्याच्या लक्षात येत नाही.

स्किमरचं काम साधं आहे. खाऱ्या पाण्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले की ते एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत. माशांची विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत स्राव आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस होऊन नळीतून वर चढतात आणि कपात जमा होतात. ते कुजून त्यांचा अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर जातात, हा मोठा फायदा. पाण्यात हवाही खेळते, हा दुसरा. पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009-10 च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरांची मोजणी केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्केच त्यांनी बाहेर काढला, आणि एका यंत्रात नि दुसऱ्यात फार मोठा फरक दिसला नाही. म्हणजे बराचसा भार कोणतंही यंत्र लावलं तरी पाण्यातच राहतो. तो कमी करायचा तर मासे कमी ठेवायचे, खाणं बेतानं घालायचं आणि पाणी वेळेवर बदलायचं. पैसे जास्त मोजले म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

इथे जैन आचारशास्त्रातली एक मांडणी उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच दोष सांगितले आहेत: प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव छेदणं, त्याच्यावर पेलणार नाही इतका भार लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. पहिला दोष मासे पाळणाऱ्याला टाळताच येत नाही, कारण काचेच्या चार भिंती हे बांधणंच आहे. खरा विचार करायला लावतो तो चौथा. बैलाच्या पाठीवरचं ओझं डोळ्यांना दिसतं. माशावरचं ओझं तो ज्या पाण्यातून श्वास घेतो त्या पाण्यातच विरघळलेलं असतं, म्हणून पाळणाऱ्याला ते जाणवत नाही. बाजारातला स्किमर 'इतक्या लिटरांसाठी' म्हणून विकला जातो, आणि तो लावला की आणखी चार मासे सहज मावतील असं वाटू लागतं. भार हलका करायला आणलेलं साधन असं भार वाढवण्याचा परवाना होऊन बसतं. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा हवा. भार आधी धर्माने ठरवावा आणि यंत्र त्या भाराप्रमाणे घ्यावं.

मग सर्वांत मोठा स्किमर घेणं जास्त दयाळूपणाचं नाही का? तांत्रिक उत्तरही इथे नकाराचंच आहे. पाण्यात पुरेसे सेंद्रिय पदार्थ नसतील तर गरजेपेक्षा मोठ्या स्किमरमध्ये फेस टिकून वर चढत नाही. दुसरा आक्षेप असा, की माशाला वेदना होतात हेच कुठे सिद्ध झालंय? जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन यांनी 2003 मध्ये ट्राउट माशांत वेदनाग्राही चेतातंतू दाखवले. ओठाला आम्ल टोचल्यावर मासे ओठ खड्यांवर घासत आणि खाणं टाळत, हेही नोंदवलं. उलट ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, की त्यासाठी लागणारी मेंदूरचनाच नसल्याने माशाला वेदना जाणवत नाही. वाद मिटलेला नाही. पण ज्याच्या हाती कोठडीची किल्ली आहे, त्याने संशयाचा फायदा स्वतःलाच देऊन घेणं न्यायाचं नाही.

सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे: मासे पाळायचेच कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2003 च्या अहवालाने वर्षाला दोन कोटींहून अधिक शोभेच्या समुद्री माशांचा व्यापार होत असल्याचा अंदाज दिला. त्यांतले बहुतेक प्रवाळभिंतींवरून पकडलेले असतात; फिलिपिन्स आणि इंडोनेशियात तर सायनाइड वापरूनही मासे धरले गेले आहेत. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ते घरी ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. बाकीचं बरंचसं कायद्याने आपल्या विवेकावर सोडलं आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच नव्याने ठेवणाऱ्याने निदान बंदिस्त पैदाशीचेच मासे घ्यावेत. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची तशी पैदास यशस्वी करून दाखवली आहे. पण जे मासे आज नागपुरातल्या घरांत आहेत त्यांना 'मुक्त' करता येत नाही. अंबाझरी तलावाच्या गोड्या पाण्यात ते जगणार नाहीत. कोंडण्याचा दोष एकदा घडला की पुढचे दोष टाळणं हेच हाती उरतं.

या शहराला जिवांच्या देण्याची ही भाषा परकी नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. दया मनात उमटते आणि विरते. प्रतिज्ञा मात्र रोज पाळावी लागते, कंटाळा आला तरी. म्हणून ज्याची नळी उघडून दोन-तीन दिवसांनी पुसणं सोपं आहे, तो स्किमर चांगला. आवाज इतका कमी हवा की रात्री झोपेसाठी कोणी बटण बंद करणार नाही. पंप इतका कमी वॅटचा हवा की वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालेल. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खारेपणामुळे आणखी कमी, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. तेव्हा दुकानात कंपनीचं नाव विचारण्याआधी स्वतःला एक आकडा विचारावा: मे महिन्याच्या दुपारी वीज नसताना माझ्या पाण्यात किती मासे तगतील? आकडा दोन निघाला तर मासे दोनच आणि स्किमर दोघांपुरता. शून्य निघाला, तर टँक न घेणं हीच त्या प्रतिज्ञेची अंमलबजावणी.