घडी घातलेले हात

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर, प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटे आहेत. १८३५ साली डार्विन तिथे पाच आठवडे होता. तिथली कासवे आणि पक्षी जगाला ठाऊक झाले. एक लहानसा कीटक मात्र फारसा कुणाला माहीत नाही. गॅलापागिया सॉलिटेरिया हे त्याचे नाव. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ सॅम्युअल स्कडर यांनी १८९३ साली त्याची नोंद केली. तो या बेटांबाहेर आढळत नाही. पण त्याच्या जातभाईंना आपण ओळखतो. मराठीत त्यांना खंडोबाचा किडा किंवा प्रार्थनाकीटक म्हणतात.

पुढचे पाय दुमडून, छातीशी धरून हे कीटक निश्चल राहतात. पाहणाऱ्याला वाटते, इबादत चालली आहे. प्रत्यक्षात त्या पायांना काटे असतात. भक्ष्य टप्प्यात आले की पापणी लवायच्या आत ते पकडले जाते. हे कळले की आपण लगेच म्हणतो, 'कसला ढोंगी!'

पण ढोंगाला नीयत लागते. या मुक्या जिवाने आपण प्रार्थना करतो असे कधी कुणाला सांगितले? तो पोट भरतो, एवढेच. प्रार्थना आपण त्याच्यावर लादली आणि ढोंगाचा आरोपही आपणच केला. 'सॉलिटेरिया' म्हणजे एकाकी. तेही माणसानेच ठेवलेले नाव.

आम्ही शिक्षक वर्गात वेगळे काय करतो? उर्दू शाळेत शब्द वेगळे असतील, शिस्त तीच: हाताची घडी, तोंडावर बोट. जो असा बसेल तो शहाणा. एक मुलगा सतत मागे वळून बोलायचा. आम्ही त्याला वर्षभर रागावलो आणि प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' या रकान्यात 'असमाधानकारक' असे लिहिले. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा नीट दिसत नव्हता आणि हा त्याला फळ्यावरचे वाचून सांगत होता, हे आम्हांला निकाल लागल्यावर कळले.

म्हणून घडी घालून बसणारी सारी मुले लबाड ठरत नाहीत. तसे म्हणणे म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने करणे. बसण्यावरून नीयत कळत नाही, चांगलीही नाही आणि वाईटही नाही. माणूस कळायचा तर त्याचे वागणे पुष्कळ दिवस पाहावे लागते, आणि तेवढा सब्र आमच्यापाशी नसतो.

पुढच्या वर्षी तो रकाना भरताना आमचा हात थांबला. तो दरवर्षी असाच थांबावा, एवढीच दुआ.