हस्ताक्षर, रेषा आणि परक्याचे दैनंदिन

हाताने लिहिलेली कविता आणि तिच्यालगत त्याच हाताने काढलेले चित्र असे पान समोर आले की त्यातील चित्राला सजावट आणि हस्ताक्षराला हौस मानून केवळ ‘संहिते’चा विचार करण्याकडे समीक्षेचा कल असतो. या कलामागे भक्कम सैद्धांतिक आधार आहे. साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ होय, असे मर्ढेकरांनी प्रतिपादिले. ही भूमिका स्वीकारली तर अक्षराचे वळण, शाईचा दाब, खाडाखोड हे सारे कवितेच्या बाहेरचे ठरते. नेल्सन गुडमन याने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात वेगळ्या मार्गाने जवळपास हेच सांगितले: चित्राची हुबेहूब नक्कलही नक्कलच राहते; कवितेची अचूक प्रत मात्र मूळाइतकीच अस्सल असते. चित्र-कवितेचे हस्तलिखित पान या दोन्ही कोटींत एकाच वेळी वावरते, आणि म्हणून त्याचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

मराठी मनाला हस्ताक्षराविषयी वाटणारा आदर जुना आहे. तुकोबांचे अभंग लोकांच्या मुखी होते. तरीही इंद्रायणीत बुडालेल्या आणि तरलेल्या वह्यांची कथा संप्रदायाने जिवापाड जपली. देहूला जतन केलेली वही ‘भिजकी वही’ म्हणून ओळखली जाते, आणि अरुण कोलटकरांनी २००३ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला तेच नाव दिले. हाताने लिहिलेले ते खरे, ही धारणा या आदराच्या तळाशी आहे. परंतु हात ग्वाही देतो ती उपस्थितीची, प्रामाणिकपणाची नव्हे. सराईत रेषा दारिद्र्यालाही देखणे करू शकते. स्वतः कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात नावाजलेले दृश्यकलावंत होते. त्या क्षेत्रात हेच कौशल्य वस्तू विकण्यासाठी राबते, हे विसरून चालणार नाही.

येथे एक भेद करावा लागतो. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत आणि रोजनिश्यांत दैनंदिन आयुष्य येते ते घड्याळ, पान, फळ अशा वस्तूंच्या रूपाने. वस्तूला आपले चित्रण अन्यायाचे झाले, अशी तक्रार नसते. नैतिक प्रश्न उभा राहतो तो त्या दैनंदिनात माणूस शिरतो तेव्हा. विल्यम ब्लेकने ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ (१७८९) मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना स्थान दिले. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून, चित्र कोरून, प्रत्येक प्रत हाताने रंगवून सिद्ध होणारी ती पाने मोजक्याच ग्राहकांपर्यंत पोहोचली. ज्यांचे दुःख त्या पानावर आहे त्यांच्या हाती ते पान पडण्याचा संभव नव्हता. करुणेची खोली आणि वाचकवर्गाची मर्यादा यांतील हे अंतर कलाकृतीच्या गुणवत्तेने भरून निघत नाही.

समजा, नाशिकच्या इंदिरानगरातील एखादा चित्रकार-कवी कोपऱ्यावरच्या भाजीवालीवर असे पान रचतो. तिला वाचता येत नसेल, तर कवितेत तिच्याविषयी काय म्हटले आहे, हे तिला दुसऱ्याकडूनच कळेल. चित्र मात्र ती स्वतः पाहील, ‘ही मी नव्हे’ असे म्हणू शकेल. चित्र हे अशा रीतीने निरक्षरापुढेही उत्तरदायी असते. कविता केवळ साक्षरांपुढे. उलटपक्षी, चित्र चेहरा उघडा करते. कविता नाव-गाव झाकून अनुभव सांगू शकते आणि चित्राला न दिसणारा काळ, पहाटेच्या बाजारापासून रात्रीच्या हिशेबापर्यंतचा, उभा करू शकते. म्हणजे दोन्ही कला एकमेकींची सजावट करीत नाहीत, तर एकमेकींवर अंकुश ठेवू शकतात.

यावर असा आक्षेप घेता येईल की कलावंताला प्रत्येक व्यक्तिरेखेची संमती घ्यावी लागली तर वास्तववादच अशक्य होईल. आक्षेप रास्त आहे. परंतु संमती आणि उत्तरदायित्व एक नव्हेत. पूर्वसंमती कलेला बांधून टाकते. उत्तरदायित्व इतकेच मागते की, चित्रित माणसाला त्या पानासमोर उभे राहता यावे आणि त्याच्या नकाराला अर्थ असावा. पान शेजारच्या भिंतीवर लागते की केवळ संग्राहकाच्या दालनात, हा प्रश्न म्हणूनच कलाबाह्य नाही.

मर्ढेकरांच्या भूमिकेला यातून बाध येतोच असे नाही. हस्ताक्षराने कवितेचा अर्थ बदलेल वा बदलणार नाही. पण ते अर्थाची जबाबदारी कोणाची, हे दाखवून देते. छापील अक्षर कोणाचेही असू शकते. हाताने लिहिलेले अक्षर एका माणसाचे असते, आणि दुसऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्याविषयी बोलताना त्या ओळखीचे ओझे त्याला टाळता येत नाही.